बोर्डापुढं ‘न्हाई’ म्हणायचं

नांदेडची एसटी लातूरच्या स्टँडवरून हलली, तसं मी ह्यांना परत एकदा बजावलं, ‘‘हात मांडीवर ठेवायचा. वर उचलायचा न्हाई. डॉक्टरनं काहीबी विचारलं तर न्हाई म्हणायचं. कळलं का?’’

‘‘हाव,’’ आमचे हे म्हणाले.

‘‘मूठ वळती का विचारलं तर?’’

‘‘न्हाई.’’

‘‘वजन उचलतंय का?’’

‘‘थोडंसं उचलतंय की.’’

‘‘अहो!’’ मी एवढ्या जोरात ओरडले की पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. मी खिडकीकडं तोंड केलं. चाकूर येईपर्यंत बोलले नाही. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं, त्यालाही काही मर्यादा असते.

उजवा हात गेला होता. म्हणजे सगळा नाही. मधली तीन बोटं गेली, अंगठा अन् करंगळी राहिली, मनगट अर्ध्यात अडायचं. एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये हे कामाला होते. डाळ खालून वर चढवणारा पट्टा असतो, त्यात हात गेला. मला फोन आला तेव्हा मी पोरांचे डबे भरत होते. क्लासला आलेली बाहेरगावची पोरं आमच्या गल्लीत खोल्या करून राहतात, त्यांना मी दोन वेळचा डबा देते. त्या दिवशी डबे कुणी नेले, पोरं काय जेवली, मला अजून ठाऊक नाही.

मिलमध्ये ह्यांच्या पगारातून दर महिन्याला कामगार विम्याची कपात व्हायची. कार्ड मिळालं होतं, त्यावर आमच्या तिघांचे फोटो. मुकादमानं तेव्हा सांगितलं होतं, ह्या एका कार्डात सगळं आहे. दुखलंखुपलं तर दवाखाना, दुखण्यानं घरी बसलात तर पगार, अन् कामावर हातपाय गेला तर जन्मभर पेन्शन. तो काही खोटं बोलला नाही. सगळं होतं. पण कार्ड एक असलं तरी दारं तीन, अन् तिन्ही दारांतली माणसं जेवायला वेगवेगळ्या वेळेला जातात.

पहिलं दार दवाखान्याचं. ते बरं निघालं. ऑपरेशन झालं, औषधं मिळाली, आम्हाला खिशात हात घालावा लागला नाही. दुसरं दार ऑफिसचं. दवाखान्यानं ‘अजून आराम पाहिजे’ अशी चिठ्ठी द्यायची, ती मी ऑफिसात न्यायची, मग बँकेत पगाराचा काही हिस्सा जमा व्हायचा. चिठ्ठीवर शिक्का नसला की परत दवाखाना. शिक्का असला अन् सही नसली तरी परत दवाखाना. सकाळचे डबे उरकून मी निघायचे अन् संध्याकाळच्या कणकेला परत यायचे. चिडून तरी कुणावर चिडणार? सगळे आपापल्या जागी बरोबरच होते. मीच दोन जागांच्या मधी लोंबकळत होते. त्या दिवसांत मी इतकी बेजार झाले होते की पोळी तव्यावर टाकून उभ्या उभ्या डुलकी घ्यायचे.

मग एक दिवस दवाखान्यानं लिहिलं, आता ह्या हातात ह्याहून सुधारणा होणार नाही. बास, आरामाचा पगार थांबला. अन् तिसरं दार उघडलं, पेन्शनचं.

मला वाटलं, आता काय, सोपं आहे. सिव्हिल हॉस्पिटलमधून आम्ही दिव्यांगाचं सर्टिफिकेट काढलं होतं, एसटीच्या सवलतीसाठी. त्यावर हात किती टक्के गेला ते लिहिलेलंच होतं. ते घेऊन मी विम्याच्या ऑफिसात गेले. तिथला क्लार्क चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाला, ‘‘ताई, हे इथं चालत नसतं. तिथं हात मोजतात. इथं कमाई मोजतात.’’

‘‘कमाई कशी मोजणार? ती तर बंदच हाय.’’

‘‘ह्या हातानं माणूस इथून पुढं किती कमवू शकतो, ते आमचं डॉक्टरांचं बोर्ड ठरवणार. जेवढी कमाई गेली म्हणतील तेवढी पेन्शन. ह्या खेपेला बोर्ड नांदेडला बसणार हाय. पेशंटला घेऊन या.’’

म्हणजे सगळं येऊन त्या एका दिवसावर थांबलं. माझ्या डब्यांवर घरभाडं अन् किराणा निघत होता. मुलगी सोलापूरला नर्सिंगला, तिचं शेवटचं वर्ष. ह्यांना पेन्शन नीट लागली तर ती पुरं करणार, नाही तर घरी येऊन माझ्याबरोबर पोळ्या लाटणार. म्हणून मी ह्यांना चार दिवस शिकवून राहिले होते, न्हाई म्हणा, न्हाई म्हणा. खोटं बोला असं मी म्हणत नव्हते. जे होत नाही ते होत नाही म्हणा, एवढंच.

नांदेडला पोचलो. एक लांबडी खोली, भिंतीला लागून बाकडी, वर पंखा नुसता आवाज करणारा. बाकड्यांवर माणसंच माणसं. कुणाचा अंगठा नाही, कुणाचा पाय लोखंडी पट्ट्यांत, एकाचा एक डोळा मिटलेला. सगळ्यांनी आपापलं दुखणं असं समोर मांडून ठेवलं होतं, बाजारात भाजी मांडावी तसं. आमचे हे मात्र ताठ बसले, लग्नात व्याह्याच्या बाजूनं बसल्यासारखे. पांढरा शर्ट, दाढी केलेली, केसाला तेल. शर्टाला इस्त्री मीच करून दिली होती. कुठून बुद्धी झाली मला!

नाव पुकारलं. बरोबर कोण असेल त्यानं आत यायला हरकत नव्हती, फक्त मधी बोलायचं नाही. आत टेबलामागं दोन पुरुष डॉक्टर अन् मधी एक वयस्कर बाई. बाई मायाळू दिसत होत्या. त्यांनी ह्यांचा हात आपल्या हातात घेतला, उलटापालटा केला, मनगट वळवून बघितलं.

‘‘काका, पेला धरता येतो का?’’

ह्यांनी टेबलावरचा पाण्याचा पेला अंगठा अन् करंगळीच्या चिमटीत धरला, उचलला अन् परत ठेवला. कपाळावर घाम आला होता, पण पाण्याचा एक थेंब सांडू दिला नाही.

‘‘हाव,’’ म्हणाले.

‘‘शर्टाची बटणं स्वतः लावता?’’

‘‘हाव.’’

बटणं मी लावते! रोज मी लावते, सकाळी, एका हातात उलथणं धरून!

‘‘जिना चढता येतो? आधार धरून?’’

‘‘हाव, जमतंय.’’

‘‘जड काही उचलता येतं?’’

‘‘हाव. डावा हाय की.’’

‘‘मिलमध्ये परत कामावर जाऊ शकाल?’’

‘‘का न्हाई? शेठ म्हणले तर उद्या जातो.’’

मला राहवलं नाही. मी म्हटलं, ‘‘मॅडम, हे काहीबी बोलून राहिलेत. ह्यांना नाडीसुद्धा बांधता येत न्हाई.’’

बाई माझ्याकडं वळल्या. रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, ‘‘ताई, त्यांना बोलू द्या. हात त्यांचा आहे.’’

हे माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते. मान खाली, कान लाल. नाडीचं बोलले म्हणून माझ्यावरच चिडले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बाहेर आलो, स्टँडवर गेलो, गाडीला वेळ होता. मी बाकड्यावर बसले अन् जे तोंड सुटलं ते सुटलं. काय काय बोलले ते आता आठवूनही लाज वाटते. स्वतःच्या हातानं पोरीच्या पायावर धोंडा टाकलात म्हटलं. इज्जत घेऊन चाटायची का म्हटलं. केळीवाली गाडा घेऊन आली होती, ती आमचं भांडण ऐकून तशीच पुढं गेली. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग गाडी लागली तरी मी उठेना तेव्हा म्हणाले, ‘‘अगं, तोंडातून ‘न्हाई’च निघत न्हाई ते.’’

‘‘का न्हाई निघत? गळ्यात हाड अडकलंय का?’’

‘‘मिलमधी सकाळी मुकादम विचारतो. पोती चढवणं जमंल का? पत्र्यावर चढून पन्हाळी साफ करणं जमंल का? आपण म्हणायचं, हाव. जमो न जमो, आधी हाव, मग बघू. जो न्हाई म्हणतो त्याला मुकादम काही बोलत न्हाई. ‘आराम करा’ म्हणतो, लई प्रेमानं. अन् तो माणूस दुसऱ्या दिवशी गेटवर दिसत न्हाई. मी वीस-बावीस वर्षं त्या गेटवर दिसलो ते कशानं दिसलो?’’

मी उठून गाडीत बसले, हेही शेजारी येऊन बसले.

‘‘त्या दिवशीबी तेच झालं,’’ हे म्हणाले. ‘‘पट्ट्यात डाळ तुंबली होती. बंद केला असता तर सगळी लाईन थांबली असती. मुकादमानं विचारलं, चालू ठेवूनच काढायला जमंल का?’’

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मिलमधून सांगितलं होतं, लक्ष नव्हतं, हात गेला. मी पण तेच धरून चालले होते, अन् ह्या इतक्या महिन्यांत ह्यांनी एकदाही तोंड उघडलं नव्हतं. अहमदपूर गेलं, चाकूर गेलं, मी नुसती त्यांच्या हाताकडं बघत बसले. राग कुठं गेला कळलं नाही. त्याच्या जागी जे आलं ते रागाहून जड होतं. पदर तोंडावर घेतला अन् झोपेचं सोंग केलं.

काही आठवड्यांनी बोर्डाचा कागद आला. कमाई गेल्याचे टक्के आम्ही धरून बसलो होतो त्याच्या निम्मेही नव्हते. क्लार्कनं वाचून बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘‘माणूस म्हणतो उद्या कामावर जातो, तर बोर्ड तरी काय लिहिणार?’’ मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘‘अपील करा. मुदत हाय अजून. वरचे साहेब परत विचारतील. पण ह्या वेळी काकांना म्हणावं, खरं बोला. त्यांच्या मुकादमापुढं न्हाई उभं राहायचं, साहेबापुढं उभं राहायचंय.’’

दरम्यान हे खरंच मिलमध्ये जाऊन आले. मला न सांगता. मुकादमानं चहा पाजला, हाताकडं बघितलं, अन् म्हणाला, आराम करा. घरी येऊन हे भिंतीकडं तोंड करून पडले. जेवायला वाढलं, तेही जेवले नाहीत. बोर्ड म्हणतं काम करू शकतो, मिल म्हणते आराम करा, अन् दोन्ही आपापल्या जागी बरोबर. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, इथं तर काय थांबवायचं अन् काय चालू ठेवायचं तेच कळेना. माझ्या तर नाकीनऊ आले.

अपिलाच्या वेळी मी ह्यांना काहीच शिकवलं नाही. ताकदच उरली नव्हती शिकवायची. एसटीत बसलो, लोहा येईपर्यंत दोघंही झोपलो. शर्टाला इस्त्री केली नव्हती, एवढंच.

ह्या वेळी खोली लहान होती. एक साहेब, बाजूला एक डॉक्टर, एक टायपिंग करणारी मुलगी. साहेबांनी आधीचा कागद वाचला अन् विचारलं, ‘‘तुम्ही तर सांगितलं होतं, सगळं जमतं. आता काय झालं?’’

मला वाटलं, गेलं. आता हे ‘हाव’ म्हणणार.

ह्यांनी हात टेबलावर ठेवला. बराच वेळ त्याच्याकडं बघितलं, दुसऱ्या कुणाचा हात असल्यासारखं.

‘‘न्हाई जमत,’’ म्हणाले.

‘‘काय नाही जमत? नीट सांगा.’’

‘‘बटण लावणं न्हाई जमत. नाडी न्हाई जमत, ही बांधती. भाकरी मोडता येत न्हाई, डाव्या हातानं खातो, म्हणून चारचौघांत जेवायला बसत न्हाई. तेराव्याला गेलो, लग्नाला गेलो तरी जेवण झालंय म्हणतो अन् उपाशी परत येतो.’’ टायपिंग थांबलं होतं. ‘‘डाळ चिमटीत घेऊन ओली का वाळली सांगायचो, ते आता कळत न्हाई. बोटं न्हाईत तिथं खाज येती, खाजवायची कुठं?’’

साहेब म्हणाले, ‘‘अजून काही?’’

‘‘भ्या वाटतं,’’ हे म्हणाले.

‘‘कशाचं?’’

‘‘मशीनचं. कोणतीबी असू द्या. ही सकाळी चटणीला मिक्सर लावती तेव्हा मी खाली जाऊन बसतो. बंद झाला की वर येतो.’’

अगं माय! रोज सकाळी मी मिक्सरचं बटण दाबलं की हे चप्पल घालून खाली जायचे. मी कितीदा ओरडले होते, कामाच्या वेळेला बरोब्बर बिडी आठवते तुम्हाला, म्हणून. त्यांनी एकदासुद्धा उलट उत्तर दिलं नव्हतं. एवढे टोमणे खाल्ले, पण भीती वाटते म्हणून सांगितलं नाही. मी चार दिवस धरून जे शिकवत होते, न्हाई म्हणा, ते हेच होतं का? माझ्या मनातलं न्हाई दोन-तीन कामांपुरतं होतं. ह्यांच्याजवळ पोतं भरून निघालं.

साहेबांनी मान हलवली, मुलीनं टाईप केलं, डॉक्टरांनी हात परत तपासला. बाहेर आलो तेव्हा हे घामानं भिजले होते. ‘‘झालं का तुझ्या मनासारखं?’’ म्हणाले. टोमणा नव्हता तो, खरंच विचारत होते. मी हो म्हटलं.

टक्के वाढले. पेन्शन लागली. दर महिन्याला येते, वेळेवर येते, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मुलीचं शिक्षण पुरं झालं, ती आता एका दवाखान्यात लागली आहे. ज्यासाठी एवढी वणवण केली ते सगळं पदरात पडलं. गल्लीतल्या बायका म्हणतात, तुमचं नशीब बरं, नाही तर दुसऱ्यांना हात जाऊनही काही मिळत नाही. खरं आहे त्यांचं.

मिक्सर आता मी हे आंघोळीला गेले की लावते. पण त्यानं काही फरक पडला नाही, कारण हे तसेही आता स्वयंपाकघरात येत नाहीत. अपिलाच्या आधी डाव्या हातानं कांदे निवडायचे, पाण्याची कळशी आणायचे, डबे पुसून ठेवायचे. ते सगळं बंद झालं. मला वाटलं थकले असतील. मग वाटलं, रुसलेत. मी फारसं मनावर घेतलं नाही, कारण मनावर घ्यायलाही अंगात जीव लागतो.

एकदा डबे पोचवणारी बाई आली नाही. समोरच्या इमारतीतल्या पोरांचे डबे जायचे होते, त्यांचा क्लास सुटायची वेळ झाली होती. मी म्हटलं, ‘‘अहो, एवढी एक पिशवी समोर नेऊन द्या. डाव्या हातात धरा. नुसता रस्ता ओलांडायचाय.’’

‘‘न्हाई जमत,’’ हे म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. ‘‘जमतंय तुम्हाला! ह्याच्या दुप्पट कळशी आणत होता तुम्ही! मला काय बोर्ड समजलात का?’’

हे उठले, दाराशी आले. पिशवीकडं बघितलं. डावा हात थोडा पुढं आला, मला दिसला, अन् परत मागं गेला.

‘‘साहेबापुढं सांगून आलोय मी, न्हाई जमत म्हणून,’’ म्हणाले. ‘‘आता वझं घेऊन रस्त्यानं हिंडू का?’’

मग मला कळलं, कांदे का सुटले अन् कळशी का सुटली. मी त्यांना समजावलं. म्हटलं, अहो, पेन्शन उजव्या हाताची आहे, डाव्यानं काहीही करा, क्लार्कनं स्वतः सांगितलंय मला. अन् तुमच्या मागं कोण बघत बसलंय? कुणी बघत नाही हो.

‘‘मी बघतो ना,’’ हे म्हणाले.

मी दोन्ही हातांत पिशव्या घेतल्या अन् जिना उतरले. पोरं खाली येऊन उभी होती, भूक लागली काकू, म्हणत होती.